राहायला जागा

३ मार्च

चि. भिंगरीस,

तुझा पत्ता आत्यांकडून मिळवला. त्यांच्यावर रागावू नकोस. त्या द्यायला तयार नव्हत्या, मीच त्यांच्या दारात बसकण मारली. तुझ्या बाबांना या पत्राची कल्पना नाही. फोन करणार होते, पण माझा आवाज ऐकून तू तो पहिल्याच शब्दाला ठेवून दिला असतास. पत्र निदान फाडायच्या आधी माणूस दोन ओळी वाचतो.

सात वर्षांनी सावत्र आईचं पत्र आलं म्हणजे कोणीतरी गेलं असणार, असं वाटलं असेल. कोणी गेलेलं नाही. बाबा ठणठणीत आहेत, गुडघे सोडून. चाळीस वर्षं लोकांच्या घरी फरश्या बसवल्या, आता गुडघे संपावर आहेत. उठताना तिघांची नावं घेतात, त्यातलं एक माझं असतं.

पत्राचं कारण कामाचं आहे. मी छापखाना सोडला. आता एका भाषांतराच्या कार्यालयात मुद्रितं तपासते. तिथे शुभवर्तमानाचं, म्हणजे बायबलातल्या येशूच्या चरित्राचं, नवं भाषांतर चाललं आहे. काना, मात्रा, वेलांटी पाहायची, आणि 'प्रभू'चा ऱ्हस्व 'प्रभु' झाला की लाल पेन चालवायचं, एवढंच माझं काम. पण आमच्याकडे एक पद्धत आहे. मसुदा छापायला जाण्याआधी साध्या माणसांना वाचून दाखवायचा आणि विचारायचं, काय कळलं?

सध्या आम्ही एका शब्दापाशी अडलो आहोत. चौदाव्या अध्यायात येशू जायला निघालाय, शिष्यांच्या तोंडचं पाणी पळालंय, आणि तो त्यांना सांगतो, घाबरू नका, माझ्या बापाच्या घरात पुष्कळ अमुक आहेत. ते 'अमुक' म्हणजे काय, यावर तीन आठवडे वाद चालू आहे. मूळ ग्रीक शब्द 'मोने'. मी म्हटलं, हे कोणाचं तरी आडनाव वाटतं. आमचे ग्रीकसर, ऐंशीचे आहेत आणि ग्रीक सोडून कशालाच हसत नाहीत, ते माझ्याकडे चष्म्यावरून बघत राहिले.

'पुष्कळ महाल' असं वाचल्यावर झाडलोट करणाऱ्या काकू म्हणाल्या, "बाई गं! मग एवढं झाडायचं कोणी?" 'निवासस्थाने' ऐकून दारावरच्या रखवालदाराने विचारलं, "म्हणजे क्वार्टर का? अर्ज करावा लागत असेल." 'खोल्या' म्हटल्यावर वायरमन म्हणाला, "भाड्याच्या?" आणि 'मुक्काम' ऐकून आमचा गाडीवाला म्हणाला, "एका रात्रीचा."

आणखी दहा माणसांना विचारायचं आहे. आत्या म्हणाल्या, तू तंत्रशाळेत मुलांना लेथ शिकवतेस. म्हणजे तुझ्याकडे सुताचाही फरक खपत नसणार. म्हणून तुलाच विचारते. 'बापाच्या घरात पुष्कळ' असं ऐकलं की तुझ्या डोळ्यांसमोर काय येतं? एका ओळीत कळव.

तुझी खोली आहे तशीच आहे.

मावशी


२१ मार्च

चि. भिंगरीस,

तुझं कार्ड मिळालं. एक ओळ मागितली होती, तू एकच पाठवलीस: 'माझ्या डोळ्यांसमोर जिन्याखालची खोकी आली.'

हे उत्तर कार्यालयात दाखवता येण्यासारखं नाही. मी ते डब्यात ठेवलं, मग काढलं, मग परत ठेवलं.

आधी एक दुरुस्ती. तुझी खोली तशीच आहे असं मी लिहिलं, ते खोटं होतं. माझी आई तीन वर्षांपूर्वी गेली. त्यानंतर खिडकीशी टेबल लावून मी तिथे मुद्रितं तपासते. भिंतीला माझे शब्दकोश आहेत. तुझा आरसा तेवढा जागेवर आहे, कारण त्याचा खिळा निघत नव्हता. लोकांच्या चुका काढून पोट भरणाऱ्या बाईनं स्वतःच्या पाच शब्दांच्या वाक्यात एवढी मोठी चूक ठेवावी, याला काय म्हणायचं?

त्या दुपारचं मला सगळं आठवतं. आईचं अर्धं अंग गेलं म्हणून नऊ दिवसांपूर्वी तिला आणलं होतं. तुझ्या खोलीत तिचा लोखंडी पलंग, तुझी पुस्तकं-कपडे सहा खोक्यांत भरून जिन्याखाली. तू बॅग घेऊन आलीस, चपलासुद्धा न काढता थेट आपल्या खोलीशी गेलीस आणि उंबऱ्यावरच थांबलीस. आई झोपली होती, तोंड उघडं होतं. मग तू जिन्याखाली पाहिलंस. बाबा नुकतेच कामावरून आलेले, हाताला सिमेंट तसंच. ते म्हणाले, "अगं, पुढच्या खोलीत झोप ना. काय फरक पडतो?"

तू त्यांच्याकडे पाहिलंस. माझ्याकडे नाही. म्हणालीस, "बापाच्या घरात मला जागा राहिली नाही, एवढं सरळ सांगायचं होतं." आणि गेलीस. मी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आले तेव्हा दार हलत होतं.

बाबांना ते अजून कळलेलं नाही. पुढच्या खोलीत झोप म्हटल्याबद्दल मुलगी सात वर्षं तोंड दाखवत नाही, लग्न करते आणि तेही आत्यांकडून कळतं, याचा त्यांना उलगडा होत नाही. "पोरगी मानी आहे," म्हणतात आणि विषय बदलतात. मीही बदलू देते.

'मोने'चं थोडं पुढे सरकलं आहे. सरांनी सांगितलं, तो शब्द एका साध्या क्रियापदातून आला आहे. त्याचा अर्थ थांबणं, टिकणं, न जाणं. म्हणजे आपलं 'राहणं'. घर कसं आहे, केवढं आहे, याबद्दल तो शब्द काही बोलतच नाही. तिथे राहता येतं, एवढंच सांगतो. सर म्हणाले, "महाल नंतर आले. मुळात फक्त राहणं होतं."

आणखी एक गोष्ट तुला सांगायची आहे. ती या पत्रात मावत नाही.

मावशी


९ एप्रिल

चि. भिंगरीस,

तुझं उत्तर आलेलं नाही. वाट पाहिली असं म्हणणार नाही. उत्तर येत नाही म्हणून मला बरंच वाटत होतं. जे मागच्या पत्रात मावलं नाही ते लिहायचं मग टळत होतं. पण रोज ते वाक्य समोर येतं. बापाच्या घरात, बापाच्या घरात. संपादकबाईंना शंका आली की कागद परत माझ्याकडे. काल सोळाव्यांदा आला.

तर ऐक. तुझं पत्र आलं होतं.

तू येण्याआधी तीन दिवस. बाबांच्या नावे होतं, पण मी फोडलं. घरात आलेलं प्रत्येक पत्र मीच फोडायचे, बाबांना पत्रांचा कंटाळा. तू लिहिलं होतंस की नोकरी सुटली, पुढचं ठरेपर्यंत तीन-चार महिने घरी येते. शेवटी विचारलं होतंस, 'माझी खोली आहे ना?'

ते पत्र मी बाबांना दाखवलं नाही. सांगितलंही नाही. तू दारात उभी राहिलीस तेव्हा तू येणार हेच त्यांना माहीत नव्हतं. तू मात्र समजलीस की पत्र वाचून, विचार करून, त्यांनी तुझी खोली दिली आणि वर विचारतायत, काय फरक पडतो.

त्यांनी ते वाक्य सहज म्हटलं होतं, भिंगरी. त्यांना वाटलं, तू दोन दिवसांसाठी आली आहेस.

हे मी त्याच क्षणी सांगू शकले असते. तू फाटकापाशी पोचेपर्यंत तरी सांगू शकले असते. संध्याकाळीसुद्धा. दुसऱ्या दिवशी ते थोडं अवघड झालं, महिन्याने फार अवघड, आणि मग ते घरातल्या एखाद्या कपाटासारखं झालं, ज्याला वळसा घालून जायची सवय लागते.

पत्र माझ्याकडे आहे. मोठ्या शब्दकोशात. फाडायचा धीर झाला नाही.

मावशी


१९ एप्रिल

चि. भिंगरीस,

तुझी तीन वाक्यं मिळाली. 'सात वर्षं मी बाबांना दोष दिला. का केलंत असं? बाबांना सांगितलंत का?'

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. मंगळवारी तुझं कार्ड आलं आणि मंगळवारीच सांगितलं. बाबा अंगणात स्टुलावर बसून जुन्या थाप्या घासत होते. कामावर जात नाहीत, पण थाप्या गंजू देत नाहीत. मी समोर उभी राहिले आणि एका दमात सांगून टाकलं. ते घासायचे थांबले नाहीत. म्हणाले, "पत्र कुठंय?"

आणून दिलं. चष्मा लावून दोनदा वाचलं. मग शेवटच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "'माझी खोली आहे ना' असं विचारलंय तिनं." मी हो म्हटलं. "आणि मी म्हणालो, काय फरक पडतो." मी पुन्हा हो म्हटलं. त्यांनी पत्र घडी घालून खिशात ठेवलं आणि आत जाऊन स्वतःचा चहा स्वतः केला. बावीस वर्षांत पहिल्यांदा. साखरेचा डबा सापडेना, तरी मला विचारलं नाही.

तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे. म्हणजे जवळजवळ. तुला माहीत नसेल, मुद्रित तपासायला दोन माणसं लागतात. एक मोठ्यानं मूळ वाचतो, दुसरा छापलेल्यावर नजर ठेवतो. घरी आणलेल्या कामात वाचायचं काम बाबांचं. परवा मी कागद घेऊन बसले, तर ते आले, समोरच्या खुर्चीत बसले आणि वाचायला लागले. वाचून झालं की उठून जातात. सध्या आमच्या घरात फक्त शुभवर्तमान बोललं जातं.

आता 'का'.

मी त्या घरात आले तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस. तू कधी वाईट वागली नाहीस, हे लिहून ठेवते. मावशी म्हणायचीस, सांगितलेलं ऐकायचीस. पण कपाटं तुझ्या आईची होती, भांड्यांवर तिचं नाव होतं, अंगण बाबांच्या फरश्यांचं, आणि ती खोली तुझी. मी पंधरा वर्षं माझे शब्दकोश पलंगाखाली ट्रंकेत ठेवले. कोणी ठेवायला लावले नव्हते. मलाच वाटायचं, ठेवायचे कुठे? मग आई आजारी पडली आणि बाबा म्हणाले, "घेऊन ये तिला इकडे. पोरीची खोली रिकामीच आहे." त्या घरातली एक जागा पहिल्यांदा माझ्या माणसाला मिळाली. आठवडाभर मी इतकी सुखात होते, की तुझं पत्र वाचून मला तुझी काळजी वाटलीच नाही, तुझा रागच आला. वाटलं, आता ती येणार आणि हेही जाणार.

याहून चांगलं कारण माझ्याकडे नाही. शोधून पाहिलं.

परवा सरांशी वाद झाला. मसुद्यात 'राहायला पुष्कळ जागा आहे' असं होतं. मी म्हटलं, 'आहे' की 'आहेत'? एका 'त'चा प्रश्न. 'जागा आहे' म्हणजे मैदान मोठं आहे, या, दाटीवाटीनं बसा. 'जागा आहेत' म्हणजे प्रत्येकाची वेगळी. सरांनी मूळ काढून दाखवलं. अनेकवचनच आहे. एकाला दिली म्हणून दुसऱ्याची कमी होत नाही, असं ते म्हणाले, व्याकरण सांगावं तसं. मी लाल पेनाने 'त' घातला आणि मग उगीचच बाहेर जाऊन नळावर तोंड धुतलं.

माफ कर असं लिहीत नाही. ते तुझ्याकडे मागायला आधी काहीतरी करून यावं लागतं.

मावशी


२७ एप्रिल

चि. भिंगरीस,

हे पत्र तुझ्या हातात बाबाच देतील. पाकीट चिकटवलेलं नाही. गाडीत वाचतील, तर वाचू देत.

झालं ते असं. शनिवारी सकाळी आम्ही नेहमीसारखे समोरासमोर बसलो. ते वाचत होते, मी ओळीवर पट्टी सरकवत होते. तोच चौदावा अध्याय, पण बराच पुढे. तिथे येशू म्हणतो, जो कोणी माझ्यावर प्रेम करील, त्याच्याकडे माझा बाप आणि मी, आम्ही येऊ आणि त्याच्याजवळ वस्ती करू. बाबा एरवी स्वल्पविरामालाही थांबत नाहीत. इथे थांबले.

"कोण कोणाकडे जातं?" त्यांनी विचारलं. दहा-बारा दिवसांतला पहिला त्यांचा स्वतःचा शब्द.

मी म्हटलं, "बाप जातो. राहायला."

"पण मागे तर बापाच्या घरात जागा आहेत म्हणाला होता."

"तोच शब्द आहे," मी म्हटलं. सरांनी आदल्याच दिवशी सांगितलं होतं. बायबलच्या नव्या करारात 'मोने' दोनच ठिकाणी आहे, दोन्ही या एकाच अध्यायात. एकदा लेकरांना बापाच्या घरी जागा आणि दुसऱ्यांदा बापाला लेकराच्या घरी. आजवरच्या भाषांतरांत दोन ठिकाणी दोन वेगळे शब्द घातले, त्यामुळे कोणाच्या लक्षातच येत नाही.

बाबांनी मागचं पान काढून ती ओळ पुन्हा वाचली. मग म्हणाले, "म्हणजे ती येईल, ती येईल करत बसायचं, असं काही लिहिलेलं नाही."

"नाही."

"पत्ता दे."

"पत्र लिहिणार?"

"पत्रांनीच सगळा घोटाळा केलाय. मी जातो."

मी म्हटलं, आधी कळवा, तिच्या नवऱ्याला काय वाटेल, ती दार उघडेल का. त्यांनी बॅग काढली. दोन शर्ट, गुडघ्याचं तेल, आणि का कोण जाणे, फरशीची पातळी बघायची लेव्हल. मी विचारलं, लेव्हल कशाला? म्हणाले, "असू दे." बोलायला काही सुचलं नाही तर हातात काहीतरी हवं, एवढंच असेल.

मला बरोबर चल म्हणाले नाहीत. मीही म्हणाले नाही. ही भेट तुमच्या दोघांची आहे, आणि मधे मी उभी राहण्यात यापूर्वी पुरेसा वेळ गेला आहे.

आत्ता बॅग दाराशी ठेवून म्हणाले, "साखरेचा डबा कुठे ठेवतेस तू?" मी दाखवला. फळीवर, त्यांच्या नाकासमोर. "मग ठीक," म्हणाले आणि आता या पाकिटासाठी थांबलेत.

दार उघडलंस तर त्यांना आधी बसायला दे. उभं राहून बोलायला लागले की गुडघ्यांमुळे चिडतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं, आपल्यावरच चिडलेत.

मावशी


१५ मे

चि. भिंगरीस,

दोन दिवसांसाठी गेलेला माणूस अठरा दिवस झाले तरी तुझ्याकडेच आहे. बाबांचा फोन रोज येतो, पण त्यात माझ्यासाठी काही नसतं, सगळं तुमच्या मोरीबद्दल असतं. पहिल्या फोनवरच म्हणाले, "अगं, हिच्या मोरीचा ढाळ उलटा आहे! पाणी जाळीकडे जायचं सोडून स्वयंपाकघरात येतं. सहा वर्षं पोरगी पाणी लोटतेय." इतका आनंद मी त्यांच्या आवाजात कधी ऐकला नव्हता. मुलगी भेटली, याबद्दल अवाक्षर नाही. ढाळाबद्दल पंधरा मिनिटं.

तू दार उघडल्यावर काय झालं ते मला तुझ्या कार्डावरूनच कळलं. बाबा खिशातून तुझं जुनं पत्र काढून नुसतेच पुढे धरून उभे राहिले, म्हणतेस, आणि तू म्हणालीस, आधी बसा. दोघांनाही रडायला वेळ लागला, कारण तुझा नवरा सारखा पाणी आणून देत होता. जावई मला आवडायला लागले आहेत. बाबा सांगत होते, ते स्टुलावर बसून सूचना देतात आणि जावई गुडघ्यांवर बसून फरश्या ठोकतात. "हात जड आहे, पण ऐकतो," हा त्यांचा शेरा. बावीस वर्षांत त्यांनी कोणाबद्दल याहून बरं बोललेलं मला आठवत नाही.

इकडे मी एकटी मजेत आहे. खरंच. सकाळी लवकर उठून खिडकी उघडते, काम करते, मधेच उठून झाडांना पाणी घालते. जिन्याखालची खोकी काढून पुसली. फक्त पुसली, उघडली नाहीत. ती तुझी आहेत. शब्दकोशांची एक फळी रिकामी केली आहे. पुस्तकं तिथे लावायची की नाही ते तू ठरव, फळी असेल.

आणि शब्दाचं ठरलं. बैठकीत मी सहसा बोलत नाही, मुद्रितशोधकाने बोलायचं नसतं. पण सोमवारी बोलले. म्हटलं, दोन्हीकडे राहणंच ठेवा. आधी 'माझ्या बापाच्या घरात राहायला पुष्कळ जागा आहेत', आणि पुढे 'आम्ही त्याच्याकडे राहायला येऊ'. संपादकबाई म्हणाल्या, फार साधं नाही का वाटत? सर म्हणाले, मूळही साधंच आहे. काकू झाडू घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांना वाचून दाखवलं. त्या ऐकून म्हणाल्या, "असं होय! मग एवढे दिवस काय करत होता?" त्याच दिवशी पान छापायला गेलं.

आता कालच्या फोनचं. बाबांचा म्हणून उचलला, तर तू होतीस. मी इतकी गडबडले की 'कोण हवंय?' असं विचारून बसले. तू म्हणालीस, "मावशी, मी अजून रागावलेली आहे." मी म्हटलं, "राहा रागावलेली." मागून बाबा कोणाला तरी ओरडत होते, सांधे भरल्याशिवाय पाय ठेवायचा नाही म्हणून.

मग तू म्हणालीस, "फरशी ओली आहे. पण भिंतीच्या कडेनं येता येतं."

मी नुसतं 'बरं' म्हणून फोन ठेवला आणि गाड्यांचं वेळापत्रक शोधलं. आता लिहिते. गुरुवारी दुपारच्या गाडीनं निघते. चपला हातात घेईन आणि कडेकडेनं आत येईन.

मावशी